पैसा खात्यावर, कागद परक्या बोलीत

२०२४ च्या पोळ्यानंतरची गोष्ट. शाळा सुटून मी ओट्यावर टेकलो होतो, तोच भाची मोबाईल पुढे धरून उभी राहिली. गल्लीतल्या इतर बायकांच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये जमा होऊन आठ-दहा दिवस उलटले होते. हिच्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला होता, पण तालुक्याच्या बँकेत पासबुक भरून आणले तर शिल्लक २१२ रुपये. "मामा, मंजूर झालं म्हणतात, मग पैसा गेला कुठं?" मी संदेश वाचला. पैसे जमा झाले, एवढेच त्यात होते. खात्याचे शेवटचे चार आकडे दिले होते, ते तिच्या पासबुकाशी जुळत नव्हते. तेवढे समजले. पुढचे मलाही समजले नाही, आणि मी बी. एड. झालेला, तीस वर्षे मुलांना शिकवत आलेला माणूस.

भाचीचे माहेर निसरपूर. आमच्या शहादा तालुक्यातल्या कित्येक वाचकांना हे नाव ओळखीचे असेल. खेतियावरून पानसेमल, मग बडवानी, तिथून नर्मदा ओलांडली की धार जिल्ह्यातला कुक्षीकडचा निमाडी मुलूख लागतो. तिथले हे बाजारपेठेचे गाव. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने होती. त्या निमित्ताने तिकडे गेलेली आणि तिकडचीच झालेली मराठी घरे धारला, देवासला आजही आहेत. निसरपुरात मात्र आमच्या ताईसारखी दोन-चार घरे, तीही धंद्यानिमित्त गेलेली. घरात मराठी, ओट्यावर निमाडी, दुकानात भिली, आणि शाळेत व कचेरीत हिंदी. भाची याच चार भाषांत वाढली आणि २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला आमच्या गावात सून म्हणून आली.

तिचा अर्ज भरताना पहिली अडचण आली ती जन्माच्या दाखल्याची. जन्म मध्य प्रदेशचा, शाळेचे दाखले मध्य प्रदेशचे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. नियम चांगला होता. परराज्यात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केले असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल, अशी दुरुस्ती सरकारने त्याच जुलैत केली होती. नवविवाहितेचे नाव रेशन कार्डावर चढले नसेल आणि लग्नाची नोंद झालेली असेल, तर नवऱ्याचे कार्ड उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी धरावे, अशीही सोय झाली होती. सीमेवरच्या सुनांचा विचार कोणी तरी केला होता म्हणायचा. आमच्या अंगणवाडीताईंनी तो निर्णय शब्दन्‌ शब्द वाचला होता, म्हणून भाचीचा अर्ज गेला. शेजारच्या गावात तो कोणी वाचला नव्हता. तिथे खेतियाकडून आलेल्या दोन सुनांना "आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा" म्हणून परत पाठवले गेले. माहेरी गेल्या तर तिकडचे म्हणाले, "लग्न झालं, नाव केव्हाच कटलं." कटल्याचा कागद मागितला, तर तो कोणी द्यायचा हेच ठरेना. १५ ऑक्टोबर २०२४ ला अर्जांची मुदत संपली तेव्हा त्या दोघी कोणत्याच राज्याच्या बहिणी नव्हत्या. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, म्हणतात ते हेच.

आता भाचीच्या पैशाकडे येतो. तालुक्याच्या ठिकाणी एका ऑनलाइनवाल्याने ५०० रुपये घेतले आणि बोटे चालवून सांगितले, "पैसे एम. पी.च्या खात्यात गेलेत." झाले होते असे की, निसरपूरला शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी तिचे एक खाते काढले होते आणि त्याला आधार जोडले होते. इकडे नवे खाते काढले, त्याच्या अर्जावर आधार क्रमांकही लिहिला, परंतु सरकारी पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेवर जुनेच खाते जोडलेले राहिले. आधार क्रमांक अर्जावर लिहिणे निराळे आणि सरकारी रकमेसाठी आधार खात्याला जोडणे निराळे. हा फरक गावात शंभरात पाच जणांनाही ठाऊक नसेल. मलाही नव्हता. जुने खाते वापराविना झोपले होते, ते उठवायला स्वतः अंगठा द्यायला जावे लागले. एस.टी.ची बायकांची अर्धी सवलत सीमेपाशी संपते, पुढे खाजगी बस आणि पूर्ण भाडे. एकदा गेली तर यंत्रावर बोट उमटेना. दुसऱ्यांदा गेली तेव्हा जमले. ऑनलाइनवाल्याचे ५००, दोन खेपांचे भाडे, नवऱ्याची दोन दिवसांची बुडालेली मजुरी, हे सारे धरले तर ३,००० पैकी निम्मेही हाती उरले नाहीत.

असो. भाचीचे पैसे पुढच्या हप्त्यापासून सुरळीत झाले. पण त्या दुसऱ्या खेपेला मी तिच्यासोबत निसरपूरला गेलो होतो, आणि तिथे ताईच्या ओट्यावर बसून जे ऐकले, त्यामुळे हा लेख लिहायला घेतला. भाषेच्या अंकात मदतीच्या योजनांचे काय काम, असे कोणाला वाटेल. मला तर वाटते की गरिबाच्या घरात भाषेचा प्रश्न उभा राहतो तो कविता वाचताना नाही, कागदावर अंगठा उठवताना.

ताईचे जुने घर आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि निसरपूरची जुनी पेठ बुडाली. मेहुण्यांचे शिवणकामाचे दुकान पेठेतच होते. २०१७ साली मध्य प्रदेश सरकारने बुडीतातल्या कुटुंबांना घरबांधणीसाठी ५ लाख ८० हजारांची मदत जाहीर केली होती, ती यांना मिळाली. नव्या वसाहतीत भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला. दुकान उभे राहिले नाही, कारण दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत. बाजाराच्या दिवशी डोंगरातून येणारा भिल्ल-भिलाला गिऱ्हाईक हे दुकान होते, आणि तो विखुरला. मेहुणे आता गुजरातेत कपड्याच्या कारखान्यात आठ महिने काढतात. पैसे मिळाले नाहीत असे ताई म्हणत नाही. "पैसे मिळाले रे, पण पैशाला रोज गिऱ्हाईक येत नाही," असे म्हणते.

शेतकऱ्यांची गोष्ट याहून कडू. नर्मदा पाणीतंटा लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला, त्यात जमिनीला जमीन हे तत्त्व होते. ज्याची पाव हिश्शाहून अधिक शेती बुडेल त्याला किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब. आपल्याकडची अक्कलकुवा आणि धडगावची ३३ गावे याच निवाड्यात आली. मध्य प्रदेशात पुढे जमिनीऐवजी रोख रकमेचा मार्ग काढण्यात आला. विशेष पुनर्वसन अनुदान असे त्याचे नाव. दोन हेक्टर विकत घेण्यासाठी ५ लाख ५८ हजार रुपये, अर्धे आधी, उरलेले अर्धे जमिनीची रजिस्ट्री आणून दाखवल्यावर.

ही अट कागदावर शहाणपणाची दिसते. पैसा उधळला जाऊ नये, त्यातून जमीनच घेतली जावी. पण तिचे प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. आसपास त्या भावात जमीन मिळेना. अर्धी रक्कम घरखर्चात, कर्जफेडीत जाऊ लागली. उरलेली अर्धी हवी तर रजिस्ट्री हवी. मग रजिस्ट्री आणून देणारे निघाले. ज्याला अक्षर येत नाही, किंवा येते पण कचेरीतले हिंदी समजत नाही, अशा माणसाच्या नावाने कुठल्या तरी लांबच्या गावची जमीन 'खरेदी' झाली. विकणारा कोण, जमीन काळी की खडकाळ, आहे की नाही, याचा घेणाऱ्याला पत्ता नाही. दुसरा हप्ता आला आणि वाटला गेला. पुढे तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या, न्यायमूर्ती एस. एस. झा यांचा आयोग बसला, त्याने सात-आठ वर्षे चौकशी केली. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल दिला, तेव्हा या बनावट रजिस्ट्र्यांत फसलेल्या १,३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख, आणि जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना दोन हेक्टरांचे ६० लाख द्यावेत असे ठरले. मधली वर्षे आणि वाढलेले भाव जमेस धरले तरी एका बाजूला ५ लाख ५८ हजार आणि दुसऱ्या बाजूला ६० लाख, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांनी लवकर अंगठा दिला त्यांचे काय गेले, ते समजते.

ताईच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा आले होते, भिलाला समाजाचे. त्यांनी आपली रजिस्ट्री प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्यावर फडके गुंडाळून जपून ठेवली आहे. मला म्हणाले, "मास्तर, पढ़ के बताओ, इसमें मेरी ज़मीन कहाँ है?" मी वाचली. खरे सांगतो, लिपी आपली, अक्षरे ओळखीची, पण त्या भाषेतून जमीन काही सापडेना. मौजा, रकबा, विक्रेता, क्रेता, प्रतिफल, चतुःसीमा. शेवटी 'पढ़कर सुनाया व समझाया गया' अशा अर्थाचे एक वाक्य आणि खाली त्यांचा अंगठा. कोणी वाचून दाखवले होते का, विचारले. "कोई नहीं," म्हणाले.

हिंदीच्या सीमेवरचे आपले संकट याच जातीचे आहे. बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या बांधवांना कानडी कागद आला की निदान हे तरी कळते की आपल्याला कळत नाही. ते दुसऱ्याला विचारतात, भांडतात, प्रत मागतात. आपल्याकडे लिपी एकच. वाचता येते, म्हणून समजले असे वाटते. आणि शब्द तर असे फसवे की शिकलेल्यालाही चकवतील. आमच्या गावची एक लेक खेतियाला दिली. तिकडच्या एका फॉर्मवर 'शिक्षा' असा रकाना होता. तिने बाणेदारपणे लिहिले, 'आजवर एकही नाही.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला सासरच्यांनी सांगितले आणि सारे घर हसले. हा विनोद झाला. पण 'राजीनामा' घ्या. आपल्याकडे राजीनामा म्हणजे पद सोडणे, हक्क सोडणे. तिकडच्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. भावाबहिणीच्या वाटणीत कोणी म्हणाले, "राजीनामे पर दस्तखत कर दो," तर आपली लेक घाबरून नाही म्हणेल, किंवा त्याहून वाईट, काय लिहिले आहे ते न पाहता हो म्हणेल. सातबाऱ्याला तिकडे खसरा-खतौनी, फेरफाराला नामांतरण, तलाठ्याला पटवारी, बुडीताला डूब, मोबदल्याला मुआवजा, अधिवासाला मूल निवासी. नावांचीही तीच तऱ्हा. आपण बाईच्या नावात नवऱ्याचे नाव मध्ये घालतो. तिकडे नवऱ्याचे नाव वेगळ्या रकान्यात आणि बाईच्या नावापुढे बऱ्याचदा 'बाई'. भाची तिकडच्या आधारवर 'बाई' आहे, इकडच्या मतदार यादीत नाही. संगणकाच्या लेखी या दोन बायका झाल्या.

मग या बाबतीत काही हक्क आहे की नाही? आहे, आणि तो आपण वापरत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडता येते. 'मराठीत अर्ज घेत नाही' असे कोणी म्हणाले, तर हे कलम त्याच्यापुढे ठेवावे. त्याच्याच पुढे ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आहेत, ती १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आली. एक अल्पसंख्य भाषेतल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी, दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्यासाठी. शिवाय एक संकेत आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. कानडी सीमेवरचे आपले लोक वर्षानुवर्षे याच १५ टक्क्यांवर बोट ठेवत आले आहेत, आणि ते रास्त आहे.

परंतु निसरपूरला बसून हा १५ टक्क्यांचा हिशेब मनात मांडला आणि मी थबकलो. कुक्षी तालुक्यात मराठी माणूस १५ टक्के कधीच भरणार नाही. भरेल तो भिली-भिलाली बोलणारा, आणि तो पंधराच्या किती तरी वर आहे. त्याला त्याच्या बोलीत एक तरी कागद मिळतो का? नाही. मग इकडे माझ्या जिल्ह्यात या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबारात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिली, पावरी, मावची, कोकणी या त्यांच्या घरच्या बोली. आपल्या योजनांचे अर्ज, फलक, हमीपत्रे, सारे मराठीत. तिकडे हिंदीने जे आपल्याला केले, तेच इकडे आपण मराठीने करतो आहोत. आपले हे करणे आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला सगळे वाचता येते.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीसाठी ई-केवायसी आली. तीत बाईच्या आधारसोबत नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही लागत होते. माझ्या वर्गातल्या एका पावरा मुलीची आई विधवा, तिचे वडीलही वारलेले. शाळेत आली तेव्हा मी नेहमीच्या मास्तरी मराठीत सांगितले, "नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार लागेल." तिने मान हलवली. ती गेली आणि मला वाटले, काम झाले. चार दिवसांनी मुलगी म्हणाली, "सर, आई आता पैसे घेणार नाही. ज्यांना नवरा आहे त्यांनाच मिळतात, असं सरांनी सांगितलं." विधवांसाठी मृत्यूचे दाखले अंगणवाडीताईंकडे द्यायची सोय पुढे झाली, आणि ती मुलीकरवी पावरीत सांगितल्यावर बाई दोन दाखले घेऊन धावत आली. पण मधले चार दिवस तिने हे धरून चालले होते की वैधव्याबद्दल सरकारने आपले नाव कापले, आणि तिच्या मनाने हे सांगणारा माणूस मी होतो. मान हलवणे म्हणजे समजणे नव्हे, हे मास्तरला तरी ठाऊक असायला हवे होते.

आता शहरातल्या मंडळींचा आक्षेप. फुकट पैसे वाटून लोक आळशी होतात, हे सारे मतांसाठी चालले आहे. मतांसाठी चालले आहे हे कोण नाकारतो? मध्य प्रदेशात २०२३ च्या जूनमध्ये लाडली बहनाचे १,००० रुपये सुरू झाले, ऑक्टोबरात १,२५० झाले, नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. दोन वर्षांनी रक्कम १,५०० वर गेली. आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टात पहिले हप्ते आले आणि नोव्हेंबरात मतदान. कर्नाटकात २०२३ ला निवडणुकीत वचन दिले आणि ऑगस्टअखेर गृहलक्ष्मीचे २,००० सुरू झाले. जिवती तालुक्यातल्या वादग्रस्त चौदा गावांना तर महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही राज्ये आपापल्या योजना देत आली. दोन रेशन कार्डे, दोन मतदार याद्या. तिकडच्या माणसाला सीमा लाभली, आमच्या सुनांना नडली.

पण आळसाचे म्हणणे मला पटत नाही. आमच्या शाळेत पोरांच्या पायांत वहाणा कधी आल्या, ते मी पाहिले आहे. ताईला मिळणाऱ्या पैशांतून ती शिवणयंत्राचा हप्ता भरते. दीड हजारात कोणी आळशी होत नाही. दीड हजारात किराणा दुकानाची उधारी फिटते आणि बाई दुकानदाराशी मान वर करून बोलते. माझा आक्षेप वेगळा आहे. हा पैसा दुसऱ्या कशाच्या बदल्यात दिला जात असेल तर ते तपासून घ्यावे. निसरपूरला तो जमिनीच्या बदल्यात दिला गेला. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, तिची रक्कम १,५०० व्हायला २०२३ उजाडले. ती घेणाऱ्या बाईला लाडकी बहीण मिळत नाही. शेतकरी सन्मानाचे १,००० घेणारीला वरचे ५०० तेवढे. हे नियम बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण ते आपल्याला लागू झाले हे त्या बाईला कोणी तिच्या भाषेत सांगितले का? तिला एवढेच दिसते की शेजारणीला दीड हजार आणि आपल्याला पाचशे. मग ती सरपंचाला शिव्या देते, किंवा अंगणवाडीताईला.

माझ्या लहानपणी रोजगार हमीवर आई खडी फोडायला जायची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ती योजना, कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. तिथे सारे काही आदर्श होते असे मी म्हणत नाही. मापात मारामारी होती, खाडे लावले जात. पण पगाराच्या दिवशी मुकादम मस्टर उघडून झाडाखाली उभा राहायचा आणि नाव, दिवस, रक्कम मोठ्याने वाचायचा, तेही अहिराणीत. कोणाचा एक दिवस कमी लागला तर शेजारची बाई ओरडायची, "ती मंगळवारी माझ्याजवळच बसली होती!" आणि पुष्कळदा आकडा दुरुस्त व्हायचा. आईला अक्षर येत नव्हते, पण तिला कधी एजंट लागला नाही. आज पैसा मुंबई-भोपाळहून थेट खात्यावर येतो, मधले हात गेले असे सांगतात. मधले हात गेले खरे, त्यांच्यासोबत मधले ओरडणेही गेले. आणि सीमेवर नवे हात उगवले, ५०० रुपयांचे.

आपल्या महसूल खात्यात चावडी वाचन ही जुनी चाल आहे. गाव जमवून सातबाऱ्याच्या नोंदी मोठ्याने वाचायच्या, हरकत असेल त्याने तिथेच बोलायचे. मदतीच्या याद्यांचे असेच चावडी वाचन का होऊ नये? तीन महिन्यांतून एकदा, ग्रामसभेत. कोण पात्र, कोण अपात्र, कोणत्या कारणाने, पैसा कोणत्या बँकेत गेला, आणि दाद कोठे मागायची. वाचायचे मात्र त्या वस्तीच्या बोलीत. पाड्यावर पावरीत, खेतियाकडच्या गावांत मराठीत, निसरपूरला भिलीत आणि निमाडीत. यासाठी भाषांतरकार नेमायला नकोत. आठवी-नववीतली मुले हे काम सहज करतात, मी करून पाहिले आहे. गरिबी चव्हाट्यावर येते असे कोणी म्हणेल. रेशनची यादी भिंतीवर चिकटवलेली असतेच, ती वाचता येत नाही एवढीच काय ती अब्रू राखलेली. आणि सुनांच्या नावाचे काय? एका राज्यातून नाव कमी झाल्याचा एकच कागद, दोन्ही राज्यांनी मान्य केलेला, दोन्ही भाषांत छापलेला, आणि तो लग्नाच्या नोंदीबरोबरच हाती मिळावा. मुलगी सीमा ओलांडून सासरी जाते हे काही अघटित नाही. तापी-नर्मदेच्या मधल्या मुलखात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

गावच्या दक्षता समितीत मी आहे, तिथे हा चावडी वाचनाचा ठराव मी दोनदा मांडला. पहिल्यांदा म्हणाले, वरून आदेश हवा. दुसऱ्यांदा म्हणाले, करून पाहा. जानेवारीत शाळेच्या पटांगणात पहिले वाचन झाले. मी मराठीत वाचले, सातवीतल्या दोन मुली पावरीत सांगत गेल्या. सव्वा तास लागला. अकरा बायकांचा पैसा भलत्याच खात्यात जात असल्याचे निघाले. त्यांतल्या चार सुना मध्य प्रदेशातून आलेल्या होत्या, तिघींच्या गावी बँकेची शाखाही नव्हती.

निसरपूरच्या त्या बाबांची रजिस्ट्री मी उतरवून आणली आहे. मराठीत अर्थ लावला, आता एका मुलीकडून तो पावरीत करून घेतो आहे. बाबांची भिलाली आणि आमची पावरी शेजारच्या बोली आहेत, बाबांना ती समजते. त्यांच्या कागदात ज्या गावाचे नाव आहे ते मी नकाशावर शोधले, आणि त्या नावाची दोन गावे सापडली. दिवाळीत ताईकडे जाईन तेव्हा बाबांना घेऊन दोन्हीकडे जाऊन येऊ.